मुरगूड ते चंदगड, निळ्या धुरातून

मुरगुडाहून सकाळी एस.टी.त बसलेला माणूस चंदगडला दुपारच्या जेवणाला पोचतो. मला तीन दिवस लागले. दिवाळीच्या रजेत घरी आले तर जो तो विचारतोय, "आक्का, तिकडं कसं काय हाय? पाऊस लई म्हणत्यात." मी पावसाचं सांगायला लागते आणि दोन वाक्यांत ट्रकच्या एअर क्लीनरवर येऊन पोचते. ऐकणाऱ्याला वाटतं, बाईचं डोकं फिरलं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे परत परत सांगायला नको.

मी सरकारी नर्स. वीस वर्षं नोकरी झाली, त्यात ही पाचवी बदली. ऑर्डर उशिरा निघाली आणि ऐन श्रावणात सामान हलवायची वेळ आली. सामान म्हणजे काय, एक कॉट, एक लोखंडी कपाट, दोन ट्रंका, पिठाचा डबा आणि भांडीकुंडी. टेम्पो करणार होते, पण धाकटा भाऊ सिद्धार्थ म्हणाला, "माझी गाडी असताना टेम्पो? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील, ह्या प्रश्नापुढं आमच्या घरात कुणाचं चालत नाही.

रविवार, मुरगूड

सिद्धूची गाडी म्हणजे जुना सहाचाकी डिझेल ट्रक. कपाळावर 'तथागत' असं पिवळ्या अक्षरात लिहिलेलं. ती अक्षरं तेवढी नवी होती, बाकी सगळं दोन मालकांनी वापरून झालेलं. त्याआधी सिद्धू शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत अकरा वर्षं होता. साच्याच्या वाळूत उभं राहायचं काम. ती वाळू इतकी बारीक की घरी आल्यावर आंघोळ करून झोपला तरी उशीवर सापडायची. मग खोकला लागला. छातीचा एक्स-रे मी स्वतः उजेडात धरून बघितला. डॉक्टर त्याला सरळ म्हणाले, "परत त्या धुळीत उभा राहिलास तर माझ्याकडं येऊ नको, उपयोग नाही." म्हणून त्यानं काम सोडून हा ट्रक घेतला. मोकळ्या हवेत बसून चार पैसे मिळतील, एवढाच विचार होता. गाडी चालली तर सिद्धू चालेल. इंजिन बसलं तर नवीन घालायची ऐपत नव्हती. मग गाडी भंगारात आणि सिद्धू परत वाळूत, हे आम्हा दोघांनाही तोंडानं न बोलता माहीत होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं माझ्या दारात गाडीची सर्व्हिसिंग केली. डिझेल फिल्टर बदलला, एअर क्लीनर उतरवून धुतला, इंजिनातलं तेल किती आहे ते पट्टी काढून बघितलं. मी चहा दिला, फडकी दिली, आणि मला जमेल तशी मदतही केली. त्या मदतीबद्दल पुढं येईलच.

सोमवार, तवंदी घाट

निपाणीपर्यंत गाडी बरी चालली. निपाणीत शिरलं की तंबाखूचा वास नाकात बसतो, आणि ज्याला सवय नाही तो पाच मिनिटं शिंकतो. सिद्धूला सवय नव्हती. मी त्याला म्हणाले, "शिंक, पण स्टिअरिंग सोडू नको."

पुढं तवंदी घाट लागला. घाट काही फार मोठा नाही, एस.टी. तिथं तिसऱ्या गिअरमध्ये गाणं म्हणत चढते. आमची गाडी अर्ध्यावर जाऊन कण्हायला लागली. सिद्धूनं तिसरा टाकला, दुसरा टाकला, शेवटी पहिल्यावर आला. पायाखाली अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला आणि गाडी माणसाच्या चालीनं चाललेली.

"आक्का, गाडी वडंना झालीया," तो म्हणाला.

मी खिडकीतनं मागं बघितलं तर रस्ताच दिसेना. निळसर पांढरा धूर, नुसता लोट. मागचा मोटारसायकलवाला नाकाला रुमाल लावून आम्हाला ओलांडून गेला आणि जाताना माझ्याकडं असं बघितलं की जणू धूर मीच सोडतेय.

माथ्यावर एक चहाची टपरी होती. गाडी उभी केली आणि पाच मिनिटांत सात डॉक्टर जमले. ही आपल्याकडची रीतच आहे. पेशंट बघितला की औषध सांगितल्याशिवाय माणूस हलत नाही. एकजण म्हणाला, "टाकीत रॉकेल घातलंय काय पावणं?" दुसरा म्हणाला डिझेलात पाणी. तिसऱ्यानं पंपावर संशय घेतला, चौथ्यानं नोझलवर. टपरीवाला कानडी माणूस, त्यानं शांतपणे चहा गाळत सांगितलं, "धूर येतोय म्हंजे इंजिन जिवंत हाय, चहा घ्या." त्यातल्या त्यात मला त्याचंच म्हणणं पटलं.

सिद्धूनं डिझेल फिल्टर परत खोलला, पाणी आहे का बघितलं, पंपातली हवा काढली. काही फरक नाही. सपाट रस्त्याला धूर कमी व्हायचा, चढ लागला की परत लोट. संकेश्वरात मी उगाच किलोभर मिरची घेतली. हातात काहीतरी घ्यावं म्हणून घेतली, कारण भावाच्या तोंडाकडं बघवत नव्हतं.

मंगळवार, गडहिंग्लज

रात्री मी ओळखीच्या एका नर्सकडं झोपले, सिद्धू गाडीत. सकाळी गॅरेजवर गेलो. मिस्त्री तरुण होता, हात चलाख. त्यानं गाडी चालू करायला सांगितली, धुराकडं बघितलं, नाकानं हुंगला आणि पाना घेऊन सरळ एअर क्लीनरकडं गेला.

मी म्हणाले, "ते सोड. ते परवाच साफ केलंय माझ्यासमोर. जिथं दुखतंय तिथं बघ की."

"बाई, बघायला काय जातंय?"

"वेळ जातोय. सगळं खोलून ठेवशील आणि संध्याकाळी सांगशील पार्ट मिळत न्हाय म्हणून. मला ठाऊक हाय गॅरेजवाल्यांचं."

माझा आवाज असा आहे की लसीकरणाला पोरं मला बघूनच रडायला लागतात. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. त्याला वाटलं असेल, कुठं ह्या बाईच्या नादाला लागा. त्यानं परत एकदा धुराकडं बघितलं आणि निकाल दिला, "निळा धूर हाय, म्हणजे तेल जळतंय. रिंगा गेल्यात. हाफ इंजिन करायला लागतंय. आणि खरं सांगू का पावणं, ह्या गाडीला खर्च करून उपयोग न्हाय."

म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, त्यामुळं इंजिनाचं तेल वर चढून जळतंय, आणि आता अर्धं इंजिन खोलून नवीन सामान घालायचं. सिद्धू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. आमचा बाप गेला तेव्हा त्याच्या कपाळावर तो असाच हात ठेवून उभा होता, हे मला तिथं आठवायला नको होतं पण आठवलं.

मी म्हणाले, "चंदगडला पोचू दे. तिथनं बघू."

"व्हय," तो म्हणाला, आणि खोकला.

नेसरीच्या पुढं

गडहिंग्लज मागं पडलं की देश बदलतो. आमच्याकडं ऊस, इथं भात. आमच्याकडं पाऊस येतो आणि जातो, इथं तो राहायलाच आलेला असतो. बाया डोक्यावर पानांची इरली घेऊन भातात वाकलेल्या, बांधाबांधावरनं पाणी खळखळतंय, आणि रस्त्यावर धुकं. एका परीनं बरं झालं. आमचा धूर त्या धुक्यात मिसळून जात होता आणि कुणी बोट दाखवत नव्हतं. ताडपत्री एका बाजूनं सुटून पिठाचा डबा भिजला, तेही मला दोन तासांनी कळलं. एरवी मी त्यावरनं आकाशपाताळ एक केलं असतं.

अडकूरच्या अलीकडं एका चढाला गाडीनं हात टेकले. पहिल्या गिअरलाही पुढं जाईना. सिद्धूनं चाकाला दगड लावला आणि पावसात नुसता उभा राहिला. बाजूला पत्र्याची शेड होती, आतनं भाताच्या गिरणीचा धाड धाड आवाज येत होता. आवाज बंद झाला आणि गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेला, डोक्यावर पोतं घेतलेला एक म्हातारा बाहेर आला. हे रामू अण्णा. गिरणी त्यांची, गिरणीचं डिझेल इंजिन त्यांचं, आणि आसपासच्या गावातलं कुठलंही इंजिन बिघडलं की लोक त्यांनाच बोलवायला येतात, हे नंतर कळलं.

"काय झालं गा?" त्यांनी सिद्धूला विचारलं.

"रिंगा गेल्यात म्हणं," सिद्धू म्हणाला.

"कोण म्हणतंय? इंजिन म्हणतंय की माणूस म्हणतंय?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू आत बस गे तंगी, भिजू नको."

तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. पंचेचाळिशीच्या बाईला कुणी तंगी म्हटल्यावर तिचा अर्धा राग तिथंच जातो. माझाही गेला. मी म्हणाले, "अण्णा, आधी गाडी बघा की."

"तापल्या इंजनाला हात लावत न्हाई मी. आधी जेवा. तवर ते थंड हुतंय, तुम्ही पण."

शेडच्या मागंच घर. त्यांच्या बायकोनं तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि अळूची भाजी वाढली. तांदळाची भाकरी मऊ असते हे खरं, पण ज्वारीची खाणाऱ्याला तीन खाल्ल्या तरी जेवल्यासारखं वाटत नाही. आणि वाढायची पद्धत बघा. मावशींनी वाटीत अर्धा डाव पिठलं घातलं आणि उभ्या राहिल्या. संपलं की परत अर्धा डाव. मी मनात म्हणाले, काय ही कंजुशी. आमच्यात रश्शाची वाटी अशी भरायची की उचलताना अंगठा बुडाला पाहिजे. अर्धी वाटी वाढली तर पाहुण्याला वाटतं, 'आता उठा' म्हणतायत. मावशींना मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "गरम गरम थोडं थोडं बरं. भरून ठेवलं की सांडतंय, गार हुतंय." सिद्धूनं मात्र पहिल्या वाटीलाच हात धुतला. त्याला घास उतरत नव्हता.

अण्णांनी जेवताना सिद्धूकडनं रविवारपासनंचं सगळं ऐकून घेतलं. जेवण झाल्यावर त्यांनी इंजिन चालू करायला लावलं आणि तेल ओतायच्या तोंडाचं झाकण काढून त्यावर तळहात धरला. मग सिद्धूचा हात धरून तिथं ठेवला.

"काय लागतंय?"

"काय बी न्हाय."

"रिंगा गेल्या असत्या तर हितनं धूर भकाभका तुझ्या तोंडावर आला असता गा." मग इंजिन बंद करून, थोडा वेळ थांबून त्यांनी तेलाची पट्टी काढली. "रविवारी तेल कुठं हुतं?"

"हितंच. ह्या खुणंवर."

"आज पण तितंच हाय. दोन दिवस निळा धूर काढलास आणि इंजनातलं तेल थेंबानं पण कमी झालं न्हाई. मग जळतंय ते तेल कुठलं?"

प्रश्न इतका साधा होता, पण दोन दिवसांत तो कुणी विचारला नव्हता. 

"एअर क्लीनर खोल," अण्णा म्हणाले.

"ते रविवारीच साफ केलंय," सिद्धू म्हणाला.

"म्हणून तर बघायचं. ज्याला शेवटचा हात लागला, ते पयलं बघायचं."

 वीस वर्षं मी पेशंटला हेच विचारत आलेय, काल काय खाल्लं, कुणाचं औषध घेतलं. आणि नातेवाईक वीस वर्षं माझ्याशी खोटं बोलत आलेत. ते का बोलतात हे मला तिथं उभ्या उभ्या समजलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या ट्रकच्या एअर क्लीनरला खाली एक लोखंडी वाटी असते. तिच्यात तेल घालतात. बाहेरची हवा त्या तेलावरनं जाते, धूळ तेलात चिकटते आणि स्वच्छ हवा वर जाळीतनं इंजिनात शिरते. तेल किती घालायचं त्याची वाटीत रेघ असते. रेघेच्या वर गेलं की हवेची वाट तुंबते आणि हवेबरोबर तेलही इंजिनात ओढलं जातं. मग धूर होतो, ताकद जाते, आणि चढाला इंजिन जास्त दम घेतं म्हणून चढाला सगळ्यात वाईट.

अण्णांनी क्लिपा सोडल्या. वाटी खाली आली आणि त्यांच्या कोपरापर्यंत काळं तेल सांडलं. एवढं जळूनही ते रेघेच्या दोन बोटं वर होतं. वरच्या पाइपात त्यांनी बोट फिरवलं, तेही तेलानं माखून आलं.

"कुणी भरलं हे?"

"मीच," सिद्धू म्हणाला. "रेघेपतोर भरलंतं. अंधारून आलंतं, क्लिपा चाचपडत लावल्या. माझाच हात चुकला असंल." त्याचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. गाडी त्याला झेपत नाही, असं आमच्या भावकीत आधीच दोघं-तिघं म्हणत होते. आता तोही तेच म्हणायला लागला असता.

"त्यानं नाही, मी भरलं," मी म्हणाले.

सगळं सांगितलं. सिद्धू रेघेपर्यंत तेल घालून वाटी कट्ट्यावर ठेवून हात धुवायला गेला. मी बघितलं तर वाटी अर्धीच. म्हटलं, एवढ्या लांब जायचं, घाट चढायचा, आणि भावानं गाडीला अर्धी वाटी वाढलीय. शेजारी तेलाचा डबा होताच. काठाला बोटभर राहीपर्यंत भरली आणि फडकं टाकून झाकून ठेवली. सांगायचं राहिलं, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं वाटलं. आणि वर गडहिंग्लजला तो बिचारा मिस्त्री तिथंच पाना लावत होता, त्याला मीच हाकललं.

पहिल्यांदा शेडच्या दारात उभ्या असलेल्या मावशी हसल्या. पदर तोंडाला लावून खांबाला टेकल्या. अण्णा म्हणाले, "तंगी, आमच्या हिच्याकडनं वाढायला शीक."

सिद्धू मात्र खाली बसला, तिथंच चिखलात. खांदे हलत होते. तो हसतोय, रडतोय की खोकतोय तेच कळेना. मी जवळ गेले तर वर बघून म्हणाला, "आक्का, रिंगा चांगल्या हायत."

माझी स्वतःची चूक निघाल्याचा एवढा आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता. एरवी मी चूक कबूल करायची म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवायला पाहिजे. त्या दिवशी मी चारचौघांत तीन वेळा म्हणाले, माझं चुकलं, माझं चुकलं, माझंच चुकलं.

जादा तेल काढलं, जाळी डिझेलमध्ये धुतली, पाइप आतनं पुसून घेतला, आणि वाटीत रेघेपर्यंत तेल अण्णांनी स्वतः घातलं. मला त्यांनी चार हात लांब उभं केलं होतं. गाडी चालू केली तेव्हा पहिली पाच-दहा मिनिटं राहिलेलं तेल जळून धूर आला, मग तो पातळ होत गेला आणि मागचं भाताचं शिवार स्वच्छ दिसायला लागलं. अण्णांना काय द्यायचं विचारलं तर म्हणाले, "हिला चक्कर येतीया, तेवढं बघ." मावशींचं ब्लडप्रेशर बघितलं, वाढलेलं होतं. गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात दवाखान्यात यायचं वचन घेतलं.

त्या रात्री तिथंच राहिलो. अण्णा सोडेनात.

बुधवार, चंदगड

सकाळी तोच चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढलो. मी सारखी मान बाहेर काढून मागं बघत होते. सिद्धू म्हणाला, "बघू नको सारखं, नजर लागंल." मग स्वतःच आरशात बघितलं.

चंदगडला पोचलो तेव्हा बाजारात काजूगराची दुकानं नुकती उघडत होती. भाड्याचं घर एस.टी. स्टँडच्या मागं मिळालं होतं. किल्ली आणायला निघालो तर सिद्धू म्हणाला, "आक्का, एक फोन करायचा हाय," आणि कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमध्ये शिरला. बूथची काच फुटलेली होती, त्यामुळं त्याचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. मी ऐकायला उभी नव्हते, पण हललेही नाही.

"मुकादम, मी सिद्धार्थ. काल गडहिंग्लजातनं फोन केलता न्हवं, पुढच्या सोमवारपासनं कामावर येतो म्हणून. ... व्हय, वाळूच्या खात्याला. ... ते आता नको. दुसरा माणूस घ्या. ... न्हाय, न्हाय, गाडी चांगली हाय माझी."

म्हणजे मिस्त्रीनं निकाल दिल्यावर मी नर्सबाईंच्या घरी बॅग आणायला गेले होते, तेवढ्या वेळात हा स्वतःहून त्या धुळीत परत जायचं ठरवून आला होता. मला एका शब्दानं बोलला नव्हता. माझ्या एका वाटीनं भावाला कुठं नेऊन उभं केलं होतं ते मला त्या बूथच्या बाहेर कळलं. शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसले. रडले, चांगली हुंदके देऊन रडले. दुकानदार म्हणाला, "काय झालं बाई?" मी म्हणाले, "काही नाही, चांगलंच झालं."

सिद्धू बाहेर आला. माझे डोळे बघितले, फुटकी काच बघितली, आणि काय ते समजला. माझ्याशेजारी पायरीवर बसला.

"भूक लागलीया," तो म्हणाला.

तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं स्वतःहून जेवण मागितलं होतं. मी उठले, गाडीतनं आधी स्टोव्ह काढायला सांगितला, आणि कपाट-कॉट सगळं पावसातच राहू दिलं.